गणपतीचा मोठा बॅनर फ्लेक्सशिवाय कसा करायचा?
इंदुरात मंडळासाठी वीस फुटी बॅनर हवाय पण पर्यावरणाला त्रास नको, असं विचारलंय म्हणून सांगतो. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसी प्लास्टिकचा थर, ते वेगळं करणं अवघड म्हणून रिसायकल फारसं होतच नाही, आणि जाळलं तर आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिन नावाचं विषसुद्धा, तेव्हा विसर्जनानंतर पेटवून देऊ नका प्लीज. केरळनं तर 2019 मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदीच घातली.

प्रिंटिंगवाल्याला सुती कापडाचा बॅनर मागा, पावसाची भीती असेल तर पॉलिइथिलीनचं शीट, ते एकाच प्लास्टिकचं असल्यामुळे रिसायकल होऊ शकतं. शाई सॉल्व्हंटऐवजी (म्हणजे रासायनिक द्रावकातल्या शाईऐवजी) लेटेक्स, म्हणजे पाण्यातली, मिळते का बघा.

पण माझ्या मते खरा फरक साल न छापण्यानं पडतो! मोठ्या कापडावर फक्त मंडळाचं नाव नि बाप्पा, तारीख-कार्यक्रम खाली छोट्या पट्टीवर, म्हणजे दरवर्षी तेवढी पट्टीच बदलायची आणि बॅनर धुऊन वाळवून ठेवायचा. नेत्यांचे फोटो टाकूच नका, पुढच्या वर्षी तोच बॅनर कुणी लावू देत नाही. घरात जुना फ्लेक्स पडला असेल तर पावसाळ्यात स्कूटरवर झाकायला वापरा.