गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलणार असशील तर आधी हे वाच

भावा, स्वतः ऑइल बदलतोस ते चांगलंच, पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नको, आपल्या खानापूर साइडला पावसात अंगणातली माती भुसभुशीत होते आणि जॅक कलंडतो, फरशीवर घे, गाडीखाली जॅक-स्टँड (वजन पेलणारे लोखंडी टेकू) लाव, मागच्या चाकांना दगड लाव.

आता मेन गोष्ट. जुना ऑइल फिल्टर काढलास की त्याची रबरी रिंग सोबत आली का बघ. माझी एकदा इंजिनलाच चिकटून राहिली, त्यावरच नवीन फिल्टर बसवला, दोन रिंगा झाल्या आणि स्टार्ट केल्याबरोबर सगळं ऑइल दारात, लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. नवीन रिंगला बोटानं थोडं ऑइल लाव आणि फिल्टर हातानंच आवळ, पान्यानं नको.

ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) पण बसवताना आधी बोटानं फिरव, तिरका बसला तर चेंबरचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात आणि मग खर्चच खर्च. वॉशर नवीन घाल. ऑइल थोडं कमीच भर, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघून मग वाढव.

आणि काळं ऑइल गटारात ओतू नको रे, कॅनमध्ये भरून ठेव, बेळगावात उद्यमबागेकडं गेलास की गॅरेजवाल्याला विचारून दे.