सकाळी सातला भरलेला चार्ट

ताई, मी 24 वर्षांची. मागच्या वर्षी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले. धाराशिवकडची आहे, आता पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये नोकरी करते. रात्री 8 ते सकाळी 8 ड्युटी. माझ्या मजल्यावर 14 पेशंट, सगळे अंथरुणावर, मदतीला एक मावशी. फीड, डायपर, औषधं, कूस बदलणं, कशालाच पुरी पडत नाही. कुणाची कूस कधी बदलली त्याचे चार्ट तेवढे सकाळी 7 वाजता एकदम भरते, निदान ते तरी पटकन उरकतं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, नवीन आहेस, हात बसेल. बाकीच्या मुलींना जमतं, मलाच जमत नाही. रूमवर येऊन रडते. वेग कसा वाढवू?
— दमलेली, पुणे

मुली, वेगाचं राहू दे. मला त्या सात वाजता भरलेल्या चार्टबद्दल बोलायचंय.

दहाला डावी कूस, बाराला उताणं, दोनला उजवी. हे सगळं सकाळी सातला आठवून लिहितेस? ते आठवण्यासारखं नसतंच, कारण त्यातलं बरंचसं झालेलं नसतं. तू तसं म्हटलेलं नाहीस, पण हिशेब कर. 14 पेशंट, दर दोन तासांनी कूस, म्हणजे रात्रभरात 84 वेळा. दोघींनी ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) धरून उचलायचं, पाठीमागे उशी लावायची, टाचा गादीला टेकत नाहीत ना ते बघायचं, माकडहाडापाशी लाली आली का तपासायचं. घाई केली तरी 5 मिनिटं जातात. झाले 7 तास. उरलेल्या 5 तासांत नाकातल्या नळीतून (रायल्स ट्यूब) फीड, डायपर, युरिन बॅगा, औषधं, आणि कुणी आजोबा मध्यरात्री घाबरून ओरडले तर त्यांच्यापाशी बसणं. हे कोणत्याच वेगात बसत नाही. वेग वाढवायला जाशील तर एकटीने ओढून कूस बदलशील, आणि चादरीवर घासून त्यांची कातडी सोलवटेल.

बाकीच्या मुलींना जमतं, हे तुला कशावरून कळलं? त्यांचे चार्ट पूर्ण असतात यावरूनच ना? तुझेही पूर्णच असतात. तुझा चार्ट बघून आणखी कुणी नवी मुलगी रूमवर जाऊन रडत असेल.

इथे मी तुझी बाजू घेणार नाही. तू दमलीस, माणसं कमी आहेत, पगार बेताचा असेल, हे सगळं मान्य. पण सकाळची सिस्टर तुझा चार्ट वाचते. सहाला कूस बदलली असं त्यात दिसतं, म्हणून ती त्या आजींकडे सर्वांत शेवटी जाते. आजी मात्र रात्री दोनपासून त्याच कुशीवर आहेत. त्यांना सांगता येत नाही. बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली ही बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, हे तू शिकली आहेस. ती जखम हाडापर्यंत गेली आणि मुलाने तक्रार केली, तर फाइलमधून तुझी सही निघेल. सेंटर म्हणेल, आमच्याकडे दर दोन तासांची नोंद आहे. आणि खरं काय झालं ते तुला सांगता येणार नाही, कारण तूच उलट लिहून ठेवलंयस.

आणखी एक. मालकांना आणि इन्चार्जना रोज सकाळी काय दिसतं? एक नर्स, एक मावशी, 84 पैकी 84. मग दुसरी मावशी कशाला ठेवतील? माणसं कमी आहेत याचा एकमेव पुरावा तू दररोज स्वतःच्या पेनने खोडून टाकतेस.

नर्सिंगच्या मुली दिवा लावून जिच्या नावाची शपथ घेतात, त्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे 1858 साली आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला दाखवलं. खऱ्या नोंदींचं एवढं वजन असतं. तुझी नोंद 14 खाटांचीच आहे, पण ती खरी असू दे.

तेव्हा आज रात्रीपासून चार्ट खाटेपाशी ठेव. कूस बदलली की तिथल्या तिथे घड्याळातली वेळ लिही, दहाला नाही, 10.40 झाली असेल तर 10.40. नाही बदलली तर चौकट रिकामी ठेव आणि नर्सेस नोट्समध्ये कारण लिही: मावशी दुसऱ्या पेशंटकडे, उचलायला दुसरं कुणी नाही. सकाळी हँडओव्हरला त्या रिकाम्या चौकटी स्वतः वाचून दाखव, म्हणजे त्या पेशंटची कूस दिवसपाळी आधी बदलेल. ज्यांना लाली आहे त्यांच्याकडे तू रात्रीही आधी जा.

सिस्टर रागावतील. "चार्ट पूर्ण कर" म्हणतील. तू एवढंच म्हण, "सिस्टर, जे झालं नाही ते मी लिहिणार नाही. रात्रीला आणखी एक मावशी द्या." आवाज चढवू नकोस, रडूही नकोस. तरीही खोटं भरायलाच लावलं तर ती नोकरी सोड. रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे, सेंटरच्या नाही.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिही. किती चौकटी रिकाम्या राहिल्या आणि मावशी मिळाली का, एवढं कळव.