त्वचेचे प्रश्न : जिम, घाम आणि गजकर्ण

प्रश्न : ऐरोलीतल्या जिममध्ये जायला लागून चार महिने झाले. पावसाळ्यात जांघेत गोल, लाल कडांचे चट्टे उठले, खाज तर विचारू नका. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की आठवड्यात बसतात, बंद केली की दुपटीने येतात. जिम बदलू का?

उत्तर : आधी ट्यूब बदला. हे गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग दिसतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. शिवाय जांघेतली त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे वळ उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइड नसलेलं बुरशीनाशक मलम चट्ट्यासोबत भोवतालच्या दोन सेंटिमीटर त्वचेवरही लावायचं असतं, आणि चट्टा गेल्यावरही साधारण दोन आठवडे. खाज थांबली की लोक मलम सोडतात. घोडं तिथेच अडतं. चट्टे जास्त असतील तर गोळ्याही लागतात.

जिमच्या बाकापेक्षा आपले घामट कपडे जास्त नडतात. त्याच कपड्यांवर ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऑफिस गाठू नका. आंघोळीची सोय नसेल तर निदान अंतर्वस्त्रं आणि मोजे बदला. साबण साधा पुरतो. बादलीत जंतुनाशक ओतलं तर त्वचा उलट चरचरते. अंग पुसताना पाय शेवटी. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर मोजे आधी घाला, चड्डी नंतर, नाहीतर पायाची बुरशी थेट जांघेत पोचते. कपडे रोज धुवा. बाल्कनीत दोन दिवस लोंबूनही शिवणीत ओल राहतेच, म्हणून सुती कपड्यांवर गरम इस्त्री फिरवा. बाकावर अंथरायचा टॉवेल वेगळा, तोंड पुसायचा वेगळा. बाकावर स्प्रे मारून लगेच पुसला तर उपयोग शून्य. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या.

प्रश्न : व्यायामानंतर पाठीवर पुळ्या येतात. फोडल्या तर चालेल? (ठाणे, घोडबंदर रोड)

उत्तर : नाही. केसांच्या मुळाशी जंतू शिरून बहुधा या येतात, फोडल्या की आजूबाजूला पसरतात. सैल टी-शर्ट घाला. अंगावरचे केस काढायचे तर जिमच्या तोंडावर नको. पुळी गरम, ठणकती आणि मोठी होत चालली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू वाहत असेल तर सुकेपर्यंत जिमला सुट्टी.