पुराची उंची सांगणारी रेती

प्रश्न : २०१९च्या महापुरानंतर आमच्या कृष्णाकाठच्या मळीच्या (नदीच्या गाळाच्या) शेतात विहीर खोदताना भिंतीत काळसर माती आणि बारीक रेती यांच्या एकाआड एक पट्ट्या दिसल्या. अशा थरांवरून हजारो वर्षांपूर्वीचे पूर आणि त्या काळचे पाऊसमान कळते, असे ऐकले. हे खरे आहे का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : खरे आहे, मात्र सगळ्याच नद्यांचा गाळ सारखे बोलत नाही. या अभ्यासाला सर्वांत सोयीची जागा म्हणजे खडकातली अरुंद घळई. तिथे पुराचे पाणी पसरू शकत नाही, म्हणून ते उंच चढते. मुख्य प्रवाह वेगाने धावत असताना ओढ्याच्या मुखाशी, खडकाच्या आडोशाला किंवा कपारीत पाणी संथ होते आणि त्यातील बारीक रेती व पोयटा खाली बसतो. पूर ओसरला की तो थर तिथेच राहतो. पाणी निदान त्या थराच्या माथ्यापर्यंत चढले होते, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते. घळईचा खडक शतकानुशतके फारसा झिजत नसल्याने तिची रुंदी, खोली आणि उतार मोजून त्या पुराचा किमान विसर्गही काढता येतो.

आपल्याकडचे उत्तम उदाहरण नर्मदेचे आहे. मध्य प्रदेशातील पुनासा परिसराच्या घळईत पुणे विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी लिसा एली, व्हिक्टर बेकर आदी अमेरिकी संशोधकांसह असे थर तपासले आणि सुमारे १७०० वर्षांतील मोठ्या पुरांचा माग काढला. मध्य व पश्चिम भारतातील नद्यांच्या अशा पुराव्यांवरून काळे आणि बेकर यांनी २००६ साली मांडलेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो : युरोपात ज्याला लघु हिमयुग म्हणतात, त्या थंड शतकांत इकडच्या नद्यांना असाधारण मोठे पूर आलेले दिसत नाहीत. म्हणजे शे-सव्वाशे वर्षांच्या नोंदी समोर ठेवून नदीचा स्वभाव ठरवणे धोक्याचे आहे, कारण नदीचे काही कालखंड शांत असतात, तर काही खवळलेले.

या पुराव्यातली एक मेख ध्यानात ठेवावी. आधीच्या थराचा माथा जितका उंच, तितकेच पाणी नव्या पुराला चढावे लागते. त्याहून लहान पुराची तिथे नोंदच होत नाही. त्यामुळे थर नाही म्हणजे पूर आला नाही, असा अर्थ काढू नये.

थरांचे वय दोन प्रकारे काढतात. कोळशाचा तुकडा सापडला तर कार्बन-१४ (मेलेल्या झाडात ठराविक वेगाने घटत जाणारा कार्बनचा प्रकार) उपयोगी पडतो, पण लाकूड पुराच्या आधीच जुने झालेले असू शकते. दुसऱ्या पद्धतीत गारगोटीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजतात. त्यासाठी लोखंडी नळी थरात ठोकून, उजेड लागू न देता नमुना काढावा लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात मात्र हे कण जवळपास नसतातच. ज्या नद्यांचे खोरे सर्वस्वी या पाषाणात आहे, तिथे म्हणूनच ही पद्धत अडते.

पाऊसमानाचा प्रश्न वेगळा आहे, कारण एका पुरावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी गोदावरीने बंगालच्या उपसागरात नेऊन टाकलेला गाळ उपयोगी पडला. मुखासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यात वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे अंश टिकून होते. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पतींचे प्रमाण खोऱ्यात हळूहळू वाढत गेले, असे त्या मेणातील कार्बनच्या प्रकारांच्या प्रमाणावरून दिसले.

आता तुमच्या विहिरीविषयी. कृष्णेचा तुमच्याकडचा काठ मऊ गाळाचा, पात्र सरकत आलेले आणि मळी रुंद. त्यामुळे रेतीच्या पट्टीवरून जुना विसर्ग काढणे तिथे कठीण आहे. तरीही पट्ट्या नीट पाहाव्यात. भिंत खुरप्याने हळू तासली, तर प्रत्येक रेतीच्या थरावर ओसरत्या पाण्याने सोडलेली चिकणमातीची पातळ साय दिसू शकते. दोन थरांमध्ये मुळांच्या खुणा असतील, तर मधे बराच काळ गेला असे समजावे. विहीर बांधून घेण्याआधी टेप धरून फोटो काढा आणि २०१९च्या पाणीपातळीच्या खुणेपासून प्रत्येक थराची खोली लिहून ठेवा. कोळसा दिसलाच, तर त्याला हात न लावता चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि तो कोणत्या थरात मिळाला, हे त्यावर लिहा.