गांधर्व महाविद्यालयाची गायनाची मध्यमा प्रथम परीक्षा महिन्यावर आली आहे. गाता येतं, पण संगीतशास्त्राच्या लेखी पेपराची भीती वाटते. नाशिकरोडला राहते, क्लास पंचवटीत. कशी तयारी करू?

अगं, गाता येतंय ना, मग अर्धा पेपर झालाच. व्याख्या रोज दोन-तीन, हाताने लिहून. त्यावर जास्त वेळ घालवू नकोस.

मार्क जातात ते तालात. क्लासला जाता-येता बसमध्ये मांडीवर टाळी-खाली, म्हणजे तालातल्या ठोक्याच्या आणि बिनठोक्याच्या जागा, धर. (शेजारचे बघतात, बघू देत.) झपतालाच्या दहा मात्रा, विभाग २-३-२-३, टाळी १, ३, ८ वर आणि खाली ६ वर. दुगुन, म्हणजे तेच बोल दुप्पट लयीत, एकदाच लिहून समेवर (पहिल्या मात्रेवर) यायचं असेल, तर ती सहाव्या मात्रेपासून सुरू होते, कारण दहा मात्रा पाचात बसतात. हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही. एकताल आणि चौताल दोन्ही बारा मात्रांचे, टाळ्या-खालीही त्याच जागी, फरक बोलांत. तिथे घाईत गफलत होते.

रागांची तुलना गाऊन लिही. भूप आणि देसकार, स्वर तेच. भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देसकारात धैवत. आधी गुणगुण, मग लिही.

स्वर लिहायची लिपी एकच धर. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराचं टिंब वर येतं, पं. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या खाली. सरमिसळ झाली की सगळंच चुकतं.

पलुस्करांचं चरित्र अभ्यासक्रमात असेल तर तुला सोपं जाईल. त्यांचा रामनाम आधाराश्रम आपल्या नाशकातलाच.