ती वही अजून तुमच्या घरी कशी?

'ताई, मुलीच्या शाळेतल्या पालक स्वयंसेवक गटाचं काम मी सहा वर्षं सांभाळलं. संमेलन, सहली, क्रीडादिन, सगळं. बँकेत नोकरी करते, त्यामुळे हिशेबात कधी पैशाचा घोळ नाही. यंदा एक नवी पालक आली आणि दोन महिन्यांत गटाची प्रमुख झाली. बोलण्यात पटाईत. तिने नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात मला घेतलं, पण ॲडमिन केलं नाही. पहिल्याच बैठकीत "आता जरा नव्या पद्धतीने करूया" म्हणाली आणि चौघीजणी हसल्या. क्रीडादिनाचा तिने पार विचका केला. पाणी संपलं, माइक बंद पडला, दोन मुलांची नावं शर्यतीत घालायची राहिली. माझी जुनी वही माझ्याकडेच आहे. फोन नंबर, काय किती लागतं, कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी, सगळं त्यात आहे, पण तिने कधी मागितली नाही. आता निम्मे पालक माझ्या बाजूचे, निम्मे तिच्या. मागच्या बैठकीत आवाज चढले. रीतसर मतदान घ्यायला लावू, की सरळ बाहेर पडू?
– डावललेली'

डावललेल्या ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची बाजू घेऊन वाचलं. चौघीजणी हसल्या तिथे मलाही लागलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी वहीपाशी अडकले आणि पुढे जाईना.

अहो, तिने मागितली नाही म्हणजे काय? अशी वही आहे हे तिला कुणी सांगितलं होतं का? ती यंदाच आलेली. तिला दिसलं ते एवढंच, की इथे सगळं आपसूक होतं. पाणी वेळेवर येतं, माइक चालतो, यादी तयार असते. हे आपसूक होत नव्हतं, सहा वर्षं तुम्ही करत होतात, हे तिला कळायला पाणी एकदा संपावं लागलं. ते संपलं तेव्हा तुम्ही मैदानावर होतात ना? क्रीडादिनाला पाण्याचे किती जार लागतात हे तुमच्या वहीत लिहिलेलं असणार. 'माइक आदल्या दिवशी तपासणे' हेही असणार, बहुतेक खाली दोन रेघा मारून. मुलं रिकाम्या जारचे नळ दाबत होती तेव्हा त्या पानाची तुम्हाला आठवण झाली नाही, असं मला सांगू नका. झाली. आणि मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं.

बरं वाटण्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. माणूस आहात. मी स्वतः याहून वाईट वागलेय. एका वाचनालयाच्या कामातून मला हळूच बाजूला केलं, तेव्हा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली. मागतील तेव्हा देऊ, असं रोज स्वतःला सांगत होते. महिनाभर वाट पाहून त्यांनी कुलूप तोडलं आणि नवं बसवलं. ती किल्ली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पण ॲलर्जीची यादी म्हणजे कपाटाची किल्ली नव्हे. ती ओळ तुम्ही फोन नंबर आणि पाण्याच्या मधे इतकी सहज लिहून टाकलीत, की मला घाम फुटला. ॲलर्जी तीव्र असेल तर चुकीचा घास पोटात गेल्यावर काही मिनिटांत त्रास सुरू होऊ शकतो. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. त्या काही मिनिटांत सहलीच्या बसमधल्या बाईंना माहिती हवी, आणि माहिती कुठे, तर तुमच्या घरी, कपाटात. शाळेकडे वेगळी नोंद असेलही. पण तुम्ही लिहिलंत की सगळं वहीत आहे, तेव्हा मी तेच धरून चालणार. उद्या सहलीत काही झालं, तर 'तिने मागितली नाही' हे वाक्य तुम्ही कोणाच्या आईपुढे म्हणणार आहात?

बरं, तुम्ही बँकेतल्या. बदली झाली की चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता का? नव्या अधिकाऱ्याशी पटत नाही, तो उद्धट आहे, त्याने आल्या आल्या तुमची व्यवस्था बदलली, म्हणून तुम्ही तिजोरीची किल्ली घरी घेऊन जाता का? किल्ल्या मोजता, याद्या करता, दोघांच्या सह्या होतात, मग तुम्ही मोकळ्या. तिथे हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. शाळेत पगार नाही, हुद्दा नाही, बदलीचा कागद नाही, म्हणून चार्जही नाही, असं झालं. सहा वर्षांनी कोणी दोन शब्द बोललं नाही. खरं दुखणं हेच आहे. आभाराचा साधा एक मेसेज त्या नव्या ग्रुपवर पडला असता, तर वही त्याच संध्याकाळी तिच्या हातात गेली असती, हो ना? ती चूक तिची आहे, तुमच्या बाजूने म्हणवणाऱ्या त्या निम्म्या पालकांचीही आहे. वही ठेवून घेतल्याने ती दुरुस्त होत नाही.

मतदानाचं म्हणाल, तर सभेचे नियम ही चांगलीच गोष्ट आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याला १८६३ साली चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक गळ्यात पडलं. सभा हाताबाहेर गेली, तो इतका ओशाळला की सभा चालवायचं शास्त्रच शिकून घेतलं, आणि १८७६ साली स्वतःची नियमावली छापली. ती आजही चालते. ठराव कसा मांडायचा, कोणी कधी बोलायचं, मतं कशी मोजायची, सगळं त्यात मिळेल. पण तुम्ही मतदान लावलंत आणि जिंकलात, तर काय होईल सांगू? ती रुसून घरी जाईल, जाताना तिने जमवलेले नंबर आणि याद्या घेऊन जाईल, आणि तुम्ही मागितल्याशिवाय देणार नाही. मग तीही मला पत्र लिहील, खाली सही करील 'डावललेली'.

तेव्हा मतदान नको, आणि बाहेर पडायचं की नाही तेही आज ठरवू नका. आधी वही द्या. या आठवड्यात. ग्रुपवर फोटो टाकून नव्हे, कोणाच्या हाती पाठवून नव्हे, बैठकीत सगळ्यांसमोर तर मुळीच नाही, तिथे ते दान दिल्यासारखं दिसेल. शाळा सुटताना फाटकाशी तिला गाठा. म्हणा, "हे माझ्याकडे राहिलं होतं. ॲलर्जीची यादी आधी बघा." एवढंच. 'मागितलं असतं तर' हे शब्द ओठावर येतील, ते गिळा. झेरॉक्स काढून ठेवू नका, दुसऱ्यांच्या मुलांच्या तब्येतीचे कागद आता तुमच्या घरी कशाला? ती नीट आभार मानेलच असं नाही. कदाचित फोनकडे बघत 'अच्छा, थँक्यू' म्हणेल आणि तुम्हाला घरापर्यंत रडू येईल. येऊ दे.

एक काम मात्र वही देण्यापूर्वी तुम्हालाच करावं लागेल. ते ॲलर्जीचं पान उघडा आणि कोणती नोंद कधीची आहे ते बघा. सहा वर्षांत काही मुलं शाळा सोडून गेली असतील, काहींच्या ॲलर्जी गेल्या असतील, नवी मुलं तर त्यात नसतीलच. ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी एकेक फोन करा, विचारून यादी दुरुस्त करा, वर आजची तारीख घाला. नव्या मुलांची नावं ती घालेल, म्हणून खाली जागा सोडा. जुन्या घरांना फोन तिने केला तर आधी कोण बोलतंय इथूनच सुरुवात होईल. तुमचा आवाज ते ओळखतात.