केसाळ आणि खवल्यांचे, एकाच घरात

या अंकासाठी निवडलेली पत्रं अशा घरांतली आहेत, जिथं कुत्रा-मांजर आधीपासून होतं आणि सरडा, साप किंवा कासव मागाहून आलं. बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय: यांची एकमेकांशी ओळख कशी करून द्यायची? उत्तर आधीच सांगून टाकतो: करून द्यायचीच नाही. घर एक असू द्या. जागा, वेळ आणि दारं वेगळी ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरी आहेत. सहा महिन्यांपूर्वी बिअर्डेड ड्रॅगन आणला. पेटी १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची, वर जाळीचं झाकण, त्यावर दिवे. मोठी मांजर त्या झाकणावरच ताणून देते. सरडा हल्ली दिवसभर दडून बसतो, खाणंही कमी झालंय. दोघांचं पटत नाही म्हणावं का?

मांजरीला सरड्याचं काही पडलेलं नाही, तिला ऊब हवीय. सरड्याला मात्र डोक्यावर चार-पाच किलोचा शिकारी दिसतो. रानात या सरड्यांवर पक्षी वरून झडप घालतात, म्हणून वरून पडणारी सावली त्यांना फार भेडसावते. दडून बसण्याचं हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे. मांजर झाकणावर पसरली की दिव्याचा उजेड आणि यूव्हीबी (सरड्याच्या हाडांना लागणारे अतिनील किरण) दोन्ही अडतात. मुळात जाळीच यूव्हीबीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाते, त्यात जाळीवर केसांचा थर बसला की उरलंसुरलंही जातं. ऊन खाण्याची जागा थंड पडली की सरड्याला खाल्लेलं पचत नाही आणि तो खाणं सोडतो.

आधी मोजमाप करा. हवेचं नाही, दगडाच्या पृष्ठभागाचं, इन्फ्रारेड थर्मामीटरने. ऊन खाण्याच्या दगडावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवेत, पेटीच्या थंड टोकाला २४ ते २८. मांजर वर असताना आणि नसताना, असं दोनदा मोजा. फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल. यूव्हीबीसाठी टी-५ (बारीक व्यासाची) ट्यूब, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, पेटीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची. जाळी मध्ये नसेल तर सरड्याच्या पाठीपासून साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरवर. जाळीवरून लावली असेल तर अंतर कमी करावं लागतं, ते ट्यूबबरोबर येणाऱ्या तक्त्यात पाहा. ट्यूब वर्षाला बदला. ती जळत असते, पण तिच्यातलं यूव्हीबी डोळ्यांना न दिसता उतरत जातं.

आता मांजर. जाळीवर नुसता ठेवलेला घुमटाचा दिवा तिच्या एका पंजाने खाली येतो, आणि खाली गादी किंवा पडदा असेल तर घराला आग लागते. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांपलीकडे जातो. चिमट्याच्या दिव्यावर तर कधीच विसंबू नका. तो साखळीने भिंतीला किंवा छताला बांधा. खरा उपाय म्हणजे समोरून उघडणारी, वरून बंद असलेली पेटी, आणि दिवे आत, तारेच्या पिंजऱ्यात. तोवर झाकणावर ४५ अंशांच्या उताराची तारेची चौकट बसवा. उतारावर मांजर झोपत नाही. सरकत्या काचेला कुलूप हवंच. मांजरी काच सरकवायला शिकतात, आणि एकदा शिकल्या की विसरत नाहीत.

एका गोष्टीकडे जवळून पाहा : थर्मोस्टॅटचा, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, प्रोब (तापमान मोजणारं टोक). पेटीच्या मागून खाली लोंबणारी ती बारीक वायर मांजरीला खेळायला आयती मिळते. तिने ओढली की प्रोब आतून सुटून बाहेर जमिनीवर येतो. जमीन असते २२ अंश. थर्मोस्टॅटला वाटतं पेटीच गार पडलीय, आणि तो हीटर थांबवतच नाही. आतला प्राणी भाजून निघतो आणि यंत्र मात्र अगदी बरोबर चालू असतं. म्हणून प्रोब आतून स्क्रू-क्लिपने पक्का करा आणि बाहेरची वायर पट्टीत घालून भिंतीला चिकटवा. चिकटपट्टी आतल्या बाजूला नको. उष्णतेने सुटते आणि सरड्याच्या कातडीला चिकटते.

पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून जाड कागदाने झाका. मांजरीला त्याच उंचीवर दुसरी उबदार बैठक द्या, नाहीतर ती तुमची चौकट मोडायच्या मागे लागेल. तापमान सुधारल्यावर आठ-दहा दिवसांतही खाणं वाढलं नाही, तर ताजी विष्ठा घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमचा लॅब्रडॉर अतिशय गरीब आहे. जमिनीवरचं कासव घरभर मोकळं फिरतं, दोघं शेजारी शेजारी झोपतात. तरी लोक भीती घालतात.

लोक बरोबर आहेत. कुत्र्याच्या लेखी कवच म्हणजे हाडूक, आणि ते खरोखर हाडच आहे : जिवंत, रक्त आणि नसा असलेलं. यात राग-द्वेष काही नसतो. घरात कोणी नाही, कंटाळा आलाय, तोंडाला काहीतरी टणक हवंय, एवढं पुरतं. कासव ओरडत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही. आणि कासव कुत्र्याला टेकून झोपतं ते उबेसाठी; त्यात मैत्री वाचू नका.

शिवाय मोकळ्या फरशीवर कासवाचंही भलं नाही. फरशी गार असते, केसांचे पुंजके पोटात जातात आणि खिडकीच्या काचेतून यूव्हीबी येत नाही. त्याला दार बंद होणाऱ्या खोलीत, आरपार न दिसणाऱ्या भिंतींचं कुंपण करून द्या.

कवच फुटलंच तर फुटलेला भाग सलाइनने धुवा, ओलसर स्वच्छ गॉजने सैल झाका, सुटलेले तुकडे बरोबर घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा. कवच गोंदाने घरी चिकटवू नका. जंतू आत कोंडले जातात.

प्रश्न : मांजरीने लेपर्ड गेकोला (पालीसारख्या सरड्याला) पंजा मारला. शेपूट तुटून पडली, पाठीवर टाचणीएवढी जखम आहे. तो चालतोय, जीभ बाहेर काढतोय. थांबून पाहू का?

थांबू नका. शेपटीची काळजी कमी आहे. ती त्याने स्वतःच सोडलीय, स्नायू आवळून रक्त थांबतं, आणि पुढच्या काही महिन्यांत नवी येईल, जरा बुटकी आणि गोलसर. धोका त्या टाचणीएवढ्या जखमेत आहे. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि चाटून चाटून ते नखांवरही येतात. सुळा किंवा नख बारीक भोक पाडून खोल जातं, वरचं तोंड मिटतं आणि आत संसर्ग पसरतो. बाहेरून ठणठणीत दिसणारा प्राणी दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या. बहुधा प्रतिजैविक सुरू करतील.

तोवर ०.९ टक्क्यांच्या सलाइनने जखम धुवा. वाळू काढून टाका, खाली साधा कागदी रुमाल अंथरा. उबदार लपणाची जमीन ३१ ते ३३ अंशांवर ठेवा; आजारी प्राण्याला गारवा द्यायचा नसतो, त्याची प्रतिकारशक्ती उबेवरच चालते. पेटीतले सगळे जिवंत रातकिडे काढून घ्या, ते रात्री जखम कुरतडतात. हळद, पावडर, बधिर करणारं मलम यांतलं काहीही लावू नका. शेपटीत त्याची चरबीची शिदोरी होती, ती गेली. म्हणून पुढचे काही आठवडे अन्न थोडं वाढवा.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. घरात कुत्रा आणि पाण्यातलं कासव. कुत्रा कासवाच्या टाकीतलं पाणी लपालपा पितो. डॉक्टर म्हणतात कासव देऊन टाका. स्वच्छता ठेवली तर चालणार नाही का?

तुमच्या डॉक्टरांचं मत सर्वमान्य आहे : पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर सरपटणारा प्राणी नको. निरोगी कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जंतू) असतो आणि तो अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे एकदा तपासणी स्वच्छ आली म्हणून हायसं वाटून घेऊ नये. चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीला अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे, ती याचमुळे. मुलं ती तोंडात घालत.

तुमच्या घरातली खरी वाट मात्र कुत्र्याच्या जिभेवरून जाते : टाकीतून कुत्र्याच्या तोंडात, तिथून मुलीच्या गालावर. तिने कासवाला हात लावला नाही तरी जंतू तिच्यापर्यंत पोचतात. कासव दोन-तीन वर्षं सांभाळणारं जाणतं घर मिळालं तर द्या. मिळेपर्यंत टाकीला कडी असलेलं झाकण लावा. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा न्हाणीत ओतू नका, सरळ संडासात. नळीने पाणी उपसताना तोंडाने ओढू नका. हात साबणाने २० सेकंद. जंतुनाशक जेल ही केवळ साबण नसतानाची सोय.

भांडी आणि सजावट आधी साबणाने घासून मळ काढा, मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून १० मिनिटं बुडवा, भरपूर धुवा, वास जाईपर्यंत वाळवा. मळ न काढता ब्लीच टाकलं तर ते मळावरच खर्ची पडतं. आणखी दोन गोष्टी. मांजरीच्या मुताने भिजलेल्या ट्रेवर ब्लीच ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. आणि फिनाईल बंद करा; मांजरींचं यकृत ते निचरू शकत नाही, सरपटणाऱ्यांनाही ते बाधतं.

प्रश्न : घरी कॉर्न स्नेक, दोन ससे, एक गिनीपिग आणि मांजर आहे. आता बॉल पायथन येतोय. रोजची कामं कोणत्या क्रमाने करावीत?

आधी अलग ठेवणं. नव्या सापाला वेगळ्या खोलीत ९० दिवस. त्याचा चिमटा, भांडं, बादली सगळं वेगळं. तळाला पांढरा कागद. साप पाण्यातच पडून राहायला लागला, भांड्याच्या तळाशी खसखशीहून बारीक काळे ठिपके दिसले किंवा डोळ्याभोवतीचे खवले उचलल्यासारखे वाटले, तर माइट (रक्त पिणारे बारीक परजीवी) आहेत असं समजा. पहिल्याच आठवड्यात विष्ठा तपासून घ्या. आल्यावर सात दिवस हाताळू नका आणि खायला घालू नका. उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७, आर्द्रता ५० ते ६० टक्के, कात टाकताना ७० पर्यंत.

क्रम असा : ससे आणि गिनीपिग सगळ्यांत आधी, हाताला सापाचा किंवा मांजरीचा वास नसताना. मग मांजर, मग जुना साप, शेवटी नवा. मग हात धुवा, सदरा बदला. उलट क्रमाने गेलात तर सशांना तुमच्या बाहीवर साप हुंगायला मिळतो आणि ते खाणं टाकतात. सशाने जेमतेम १२ तास खाल्लं नाही तरी तो दवाखान्याचा विषय होतो.

खायचा दिवस वेगळा ठेवा. गोठवलेला उंदीर बंद पिशवीत रात्रभर फ्रिजमध्ये, मग त्याच पिशवीत ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो, कुठं कच्चा तर कुठं शिजलेला राहतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी. मांजर बंद दारापलीकडे. ससा किंवा गिनीपिग हाताळून तसाच हात सापाच्या पेटीत घातलात तर तो तुमच्या बोटांनाच खाद्य समजेल, आणि त्यात चूक त्याची नसेल.

जाता जाता : ससे आणि गिनीपिग एकत्र ठेवत असाल तर तेही वेगळे करा. ससा बॉर्डेटेला जंतू स्वतः आजारी न पडता वागवतो, गिनीपिगला त्यानेच न्यूमोनिया होतो.

प्रश्न : कुत्र्याचं पिसवांचं औषध थोडं-थोडं सगळ्यांना चालेल का?

नाही. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे थेंब मांजरीला झटके आणतात. कुत्र्याच्या मानेवर ताजे थेंब असताना त्याला चाटलं तरी पुरे. फिप्रोनिल सशाला घातक. आयव्हरमेक्टिन कासवाला कधीच नाही, त्याने अंग लुळं पडून कासव मरतं. कुत्र्याला थेंब लावल्यावर हात धुतल्याशिवाय सरड्याला, सापाला किंवा त्यांच्या खाद्यकिड्यांना हात लावू नका.

प्रश्न : ९० सेंटिमीटरचा कॉर्न स्नेक पेटीतून नाहीसा झालाय. घरात मांजर आहे. तातडीने सांगा.

आधी मांजर. शोधून झालेल्या खोलीत तिला बंद करा. सगळी दारं लावा, खालच्या फटीत टॉवेल कोंबा. मग पुन्हा पेटी शोधा : लपण उलटून, भुसा हाताने चाळून, मागच्या चित्र-पडद्यामागे. बरेच ‘पळालेले’ साप तिथंच सापडतात. नसेल तर पेटीपासून तीन मीटरच्या आत, भिंतीच्या कडेकडेने : फ्रिजच्या मोटरमागे, कपाटाखाली, सोफ्याच्या अस्तरात. धुलाईयंत्र आत पाहिल्याशिवाय लावू नका, सरकणारी खुर्ची मिटू नका.

रात्री उंबऱ्यांवर पिठाची पातळ पट्टी ओढा आणि भिंतीलगत चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पसरा. थर्मोस्टॅटने ३० अंशांवर ठेवलेला गरम पॅड, त्यावर उपडं खोकं, शेजारी पाणी, असं एक लपण मांडा. दिवे मालवून अर्ध्या-अर्ध्या तासाने टॉर्चने पाहा. चिकट सापळा लावू नका; चुकून अडकलाच तर खाद्यतेलाने सोडवा, ओढू नका. मांजरीला दोरी लावून खोलीत आणलं आणि ती एकाच कोपऱ्याकडे टक लावून बसली, तर तिला परत नेऊन तो कोपरा आधी उघडा. साप न खाता कित्येक आठवडे काढतो, म्हणून शोध लवकर सोडू नका.

सापडल्यावर अंगावर दातांच्या खुणा आहेत का, भिंगातून पाहा. असतील तर वर गेकोसाठी लिहिलेलं सगळं लागू. नसतील तर पाणी आणि ऊब द्या, आणि चार-पाच दिवसांनी लहानसा उंदीर. मात्र परत पेटीत सोडण्याआधी वायरीचं भोक तपासा. डोकं जिथून जातं तिथून कॉर्न स्नेक अख्खा जातो, आणि हे भोक बहुतेकदा वायरीपेक्षा दुप्पट मोठं पाडलेलं असतं.